आबांच्या मनगटावरचा सतरा दिवसांचा पट्टा

मी एसटीच्या आगारात इलेक्ट्रिशियन आहे. बॅटरी, अल्टरनेटर, सेल्फ, वायरिंग यातच बावीस वर्षं गेली. त्यामुळे मनगटावरच्या हेल्थ बँडबद्दल लिहिताना मी आधी बॅटरीबद्दल लिहिणार आहे. पट्टा तब्येतीच्या कामाचा आहे की नाही हे माझ्या अनुभवाने तिथेच ठरतं. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन-तीन हजार रुपयांत याच जातीचे चार-पाच पट्टे मिळतात आणि आतली मांडणी सगळ्यांची जवळपास सारखीच असते.

पट्टा घेतला वडिलांसाठी. आबांचं वय ७४. वाईच्या पश्चिमेला, धोमच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव. भात, थोडी हळद, दोन म्हशी. आबा आणि आई दोघंच तिथे राहतात, मी साताऱ्यात. बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी, तेव्हा गावी जातो. आबांकडे साधा बटणांचा फोन आहे आणि त्यांना दुसरा नको आहे.

याआधी एक स्मार्ट वॉच आणून झालं होतं. मोठा रंगीत पडदा, फोन आला की वाजणार, दिसायला देखणं. चार्जिंग जेमतेम दीड दिवस टिकायचं. आमच्याकडे पावसाळ्यात वादळाने फांदी तारेवर पडली की दोन-दोन दिवस लाईट नसते. आणि असली तरी रोज रात्री घड्याळ काढायचं, लावायचं, सकाळी आठवणीने घालायचं, हे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने का करावं? तिसऱ्या आठवड्यात ते घड्याळ देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात गेलं. आबा म्हणाले, "ह्येला माझ्यापरीस जास्त खायाला लागतं." त्यांचं म्हणणं खरं होतं. बाजारातल्या नावाजलेल्या घड्याळांतसुद्धा एका चार्जिंगवर १८ तासांचा हिशोब सांगणारी आहेत. ज्याच्या हाताशी दिवसभर चार्जर आहे त्याला ते चालतं.

आता या पट्ट्याकडे येतो. डब्यावर बॅटरी १८० मिलिअँपिअर-तास आणि '१४ दिवस' असं लिहिलंय. १४ दिवसांचे ३३६ तास. भागाकार केला तर सरासरी करंट येतो साधारण अर्धा मिलिअँपिअर. वॉटमध्ये धरला तर दोन मिलिवॉटच्या आसपास. आमच्या बसच्या डॅशबोर्डवरचा छोटा इंडिकेटर बल्ब दोन वॉटचा असतो, म्हणजे त्या एका बल्बच्या हजाराव्या हिश्श्यात हा पट्टा नाडी बघतो, पावलं मोजतो, झोप नोंदवतो आणि वेळही दाखवतो. मी हा हिशोब कागदावर दोनदा केला, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसला नाही.

हे जमतं कसं, ते समजून घेतल्यावर पट्टा नीट वापरता आला. मागच्या बाजूला हिरवे एलईडी असतात. रक्त हिरवा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, ती लहर मोजली की नाडी कळते. हे दिवे करंट खातात, म्हणून ते सलग जळत नाहीत. क्षणाच्या बारीक तुकड्यापुरते लागतात आणि विझतात. हालचाल ओळखणारा सेन्सर मात्र इतक्या कमी करंटवर चालतो की तो कायम जागा राहू शकतो. बाकीचं सगळं झोपलेलं असतं आणि हा पहारेकरी गरजेपुरतं उठवतो. फोनशी बोलणंही तसंच. २०१० साली ब्लूटूथची ४.० आवृत्ती आली, त्यात कमी ऊर्जेचा प्रकार आला. रेडिओ क्षणभर जागा होतो, साठलेली माहिती ढकलतो, परत झोपतो. आणि पडदा? तो सगळ्यात खादाड. २०१४ मध्ये शाओमीचा पहिला मी बँड आला तेव्हा त्याची बॅटरी फक्त ४१ मिलिअँपिअर-तासांची होती, आणि सांगितले होते ३० दिवस. त्याला पडदाच नव्हता आणि नाडीचे दिवेही नव्हते.

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सेल्फ घेत नसेल तर आम्ही लिकेज शोधतो. बॅटरीच्या निगेटिव्हला सिरीजमध्ये अँमीटर लावायचा आणि एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला काटा खाली येतो, त्या लाईनवर चोर आहे. या पट्ट्याला अँमीटर लावता येत नाही, पण रीत तीच वापरली. आबांना देण्याआधी पट्टा मी स्वतः महिनाभर वापरला आणि एकेक गोष्ट बंद करत रोज किती टक्के उतरतात ते आगारातल्या जुन्या लॉगशीटच्या पाठीवर लिहीत गेलो. प्रत्येक बदलानंतर चार दिवस थांबायचं. सगळं चालू असताना रोज सोळा-सतरा टक्के जात होते, म्हणजे सहा दिवस. पडदा कायम चालू ठेवण्याची सोय बंद केली आणि एकदम नऊ दिवसांवर गेलो. रात्रभर ऑक्सिजन मोजणं बंद केलं, अकरा. नाडी दर मिनिटाऐवजी दर दहा मिनिटांनी मोजायला लावली, पंधरा. फोनचे मेसेज, ताणतणावाचा आकडा आणि दर तासाला 'उठा, चाला' म्हणून थरथरणं बंद केलं, तेव्हा सतरा. ज्या गोष्टी बंद केल्या त्यातली एकही आबांच्या उपयोगाची नव्हती. पट्टा घेणाऱ्याने पहिल्या दिवशी हे अर्ध्या तासाचं काम करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कंपनी पट्टा विकताना सगळं चालू करून देते, मग चार्जिंगचा कंटाळा येतो आणि पट्टा ड्रॉवरमध्ये जातो.

अक्षय्य तृतीयेला पट्टा आबांच्या डाव्या हातावर बांधला. "बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधल्यागत करतूस की रं," म्हणाले, पण काढला नाही. काढायचं कारणच पडलं नाही. त्याच पट्ट्याने ते म्हैस धुतात, अंघोळ करतात, चिखलात उतरतात. दर दुसऱ्या बुधवारी मी जेवायला बसतो तेव्हा त्यांच्या हातातून काढून पॉवर बँकेला लावतो. दीड तासात पूर्ण भरतो. तेवढा दीड तास सोडला तर नोंद अखंड असते. हा पट्टा पाच तारे देऊन घ्यावा असं मला ज्याच्यामुळे वाटतं, ते हे अखंडपण. मधूनमधून घातलेल्या घड्याळातून मिळणारा आकडा त्या क्षणापुरता असतो. माणूस जिना चढून आलाय का, चहा प्यायलाय का, चिडलाय का, त्यावर तो हलतो. रोज पहाटे झोपेत, काही न करता नाडी किती आहे, हे महिनोन् महिने लिहिलेलं असलं की ती त्या माणसाची स्वतःची पातळी होते. आबांची होती ६२.

आमच्याकडे जुलैत भाताची लावणी असते. दिवसभर वाकून चिखलात. आबांचे गुडघे आधीच गेलेले. ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी फोन पट्ट्याला जोडला तर आठवड्याची सरासरी ६५. पुढच्या बुधवारी ६९. मला वाटलं, लावणीचा शिणवटा असेल. तिसऱ्या आठवड्यात ७३, चौथ्यात ७७. लावणी संपून पंधरा दिवस झाले होते, आबा घरीच होते, पावलं निम्म्यावर आली होती आणि नाडी चढतच होती. मी ओसरीवर बसून ती रेघ कितीतरी वेळ बघत राहिलो. कामावर असा आलेख मी ओळखतो: लोड नसताना करंट चढत असेल तर कुठेतरी काहीतरी गळतंय.

आबांना विचारलं तर म्हणाले, "काय झालंय मला? वय झालं, दम लागनारच." आई चुलीपाशी होती. ती न वळताच बोलली, "सकाळी परसाकडं जाऊन आलं की घटकाभर भितीला टेकत्यात. तुला सांगू नको म्हनत्यात."

पाचव्या आठवड्यात ८१ झाली. गणपती दोन दिवसांवर आले होते. आबा म्हणत होते, विसर्जन झाल्यावर बघू. मी ऐकलं नाही, वाईला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. फोनवरची रेघ दाखवली. डॉक्टरांनी ती मोठी करून बघितली आणि म्हणाले, "एखाद्या दिवसाच्या आकड्यावर मी काही ठरवणार नाही. पण पाच आठवडे सलग चढण आहे, तर रक्त बघू." मग त्यांनी आबांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, नखं बघितली आणि विचारलं, "आबा, शौचाला काळं होतं का?" आबा जरा गप्प राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्हय. डांबरागत."

हिमोग्लोबिन ७.९ निघालं. लावणीपासून आबा गुडघ्यांसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुखणं दाबायच्या, गोळ्या आणून रोज दोन घेत होते, कधी उपाशीपोटी. दुर्बिणीने तपासलं तेव्हा जठरात अल्सर सापडला, त्यातून थेंबथेंब रक्त जात होतं. रक्त कमी झालं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त वेळा ठोके द्यावे लागतात. पट्टा दाखवत होता तो हाच जास्तीचा ठोका. गोळ्या बंद झाल्या, आम्लाची आणि लोहाची औषधं सुरू झाली. दिवाळीपर्यंत नाडी ७० वर आली, डिसेंबरात ६४. ती रेघ उतरताना बघण्यासाठी मी एकही बुधवार चुकवला नाही.

यात पट्ट्याने किती केलं आणि किती नाही, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याला अल्सर कळला नाही. त्याने एकदाही धोक्याची सूचना दिली नाही, कारण ८१ ही त्याच्या लेखी धडधाकट नाडी आहे. सूचना देण्याची मर्यादा त्यात १०० च्या पुढे ठेवलेली असते. आबांच्या ६२ ला ८१ म्हणजे काय, हे बघणारं माणूस लागलं. ओळखलं डॉक्टरांनी, डोळे आणि नखं बघून, आणि एक प्रश्न विचारून. म्हणून ज्यांच्या घरी कोणी आलेख उघडून बघणार नाही, त्यांनी पट्टा आणून आपण काळजी घेतली असं समजू नये.

आता याच्या उणिवा.

पावलांवर फार भिस्त ठेवू नका. आबा पॉवर टिलर धरतात तेव्हा हात थरथरतात आणि पट्टा हजारो पावलं टाकून मोकळा होतो. उलट डोक्यावर घमेलं घेऊन एक हात वर धरून चाललं की तो पावलं खातो. रोज दहा हजार पावलं चालायचा आकडाही तपासणीतून निघालेला नाही. १९६५ साली जपानात 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मीटर'. तिथून तो आकडा जगभर पसरला. शेतात राबणाऱ्या माणसाला तो दाखवून हिणवण्यात अर्थ नाही.

ऑक्सिजनचा आकडा आबांच्या मनगटावर भरवशाचा येत नाही. बोटाला लावायच्या यंत्रामागचं तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली मांडलं. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश वापरायचे आणि प्रत्येक किती शोषला जातो त्यावरून ऑक्सिजन काढायचा. बोटातून प्रकाश आरपार जातो. मनगटावर तो परत फिरून येण्याची वाट बघावी लागते, त्यात उन्हाने रापलेली जाड कातडी, थंडीत गारठलेला हात. डिसेंबरात एका पहाटे मुद्दाम मोजून बघितलं तर ८८ दाखवलं, आम्ही घाबरलो. बोटाच्या यंत्रावर तेव्हाच ९७ होता. सावळ्या कातडीवर बोटाचं यंत्रसुद्धा ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे कोरोनाच्या काळात अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून २०२० मध्ये प्रसिद्ध झालंय. आपल्याकडच्या कातडीलाही हे लागू पडू शकतं, म्हणून दम लागत असेल तर आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नये.

आणि रक्तदाब. बाजारात हजार-दीड हजाराला रक्तदाब दाखवणारी घड्याळं मिळतात. आमच्या आगारातल्या एका चालकाने असंच एक घेतलं होतं आणि त्यातला आकडा बघून त्याने गोळी निम्मी केली होती. ते घड्याळ मी मागून घेतलं आणि दुधी भोपळ्याला घट्ट बांधलं. नाडी ७४, रक्तदाब १२१ वर ७९. तो भोपळा मी त्याच्यासमोर टेबलावर ठेवला. तो काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी दंडाला बांधायचं मशीन घेऊन आला. दंडावर पट्टा फुगवून मोजणाऱ्या मशीनला पर्याय म्हणून या स्वस्त घड्याळांकडे बघू नका. सुई न टोचता साखर दाखवणाऱ्या घड्याळांचंही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी तिथली सरकारी संस्था) स्पष्ट सांगितलं की असं कुठलंही घड्याळ वा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. दंडावर चिकटवायचे साखरेचे सेन्सर खरे असतात, पण त्यांचा बारीक तंतू कातडीखाली जातो. इन्सुलिन घेणाऱ्याने चुकीच्या आकड्यावर डोस ठरवला तर जिवावर बेतेल.

माझ्या पट्ट्याचे काही बारीक त्रास. पट्टा आतमध्ये थोड्याच दिवसांची तपशीलवार नोंद ठेवतो. एक बुधवार चुकला तर चालतं, दोन चुकले की मधले दिवस गळतात. अ‍ॅप मराठीत नाही. आईला काही दाखवायचं तर मलाच वाचून सांगावं लागतं, आणि शेतकऱ्याच्या हातावर बांधायची वस्तू त्याच्या भाषेत नसावी याचं मला वाईट वाटतं. खातं उघडताना मोबाईल नंबर, जन्मतारीख, वजन सगळं मागतात. ही माहिती कुठे साठते ते अ‍ॅपमध्ये सहज सापडत नाही. मी नंबर माझा दिला आणि जागेची परवानगी बंद ठेवली. चार्जरची दोन टोकांची चुंबकी वायर त्याच पट्ट्याला चालते. ती एकदा म्हशीच्या गोठ्यात पडून तुटली, साताऱ्यात मिळाली नाही, मागवून यायला नऊ दिवस गेले. बॅटरी तेवढे दिवस पुरली, नाहीतर नोंद तुटली असती.

सिलिकॉनच्या पट्ट्याखाली आबांना पावसाळ्यात पुरळ आलं होतं. पट्टा फार आवळला होता आणि आत साबण साठत होता. आता एक भोक सैल, आणि रोज अंघोळीनंतर पट्टा वर सरकवून मनगट पुसायचं. फेब्रुवारीत हळद शिजवायच्या दिवसांत नाडी तासन्‌तास कोरी यायला लागली. मी पट्टा उलटा करून बघितला तर काचेवर पिवळा चिकट थर बसला होता, एलईडीचा हिरवा उजेड मळकट दिसत होता. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, फडक्याने पुसलं, लगेच आकडे आले. तेव्हापासून आई आठवड्याला ती काच पुसते.

आता आईसाठी काहीतरी घ्यायचंय आणि तिथे मी अडलोय. तिच्या दोन्ही हातांत कोपराच्या बाजूला सरकणाऱ्या बांगड्या आहेत. पट्टा बांगड्यांच्या खाली बांधला तर त्या आपटून काच चरते, वर बांधला तर सैल होतो आणि नाडी येत नाही. चार दिवस प्रयत्न केला. तिने बांगड्या उतरवाव्यात असं मी म्हणणार नाही. बोटात घालायची अंगठी हा एक मार्ग दिसतो. तिथे रक्तवाहिन्या जवळ असतात, सिग्नल चांगला येतो. पण बॅटरी मनगटावरच्या पट्ट्याच्या कितीतरी पट लहान, म्हणजे चार-सहा दिवसांत चार्जिंग, आणि भांडी घासताना, शेण काढताना ती टिकायला हवी. किंमतही पट्ट्याच्या सहा-सात पट. कुणी गावाकडच्या आईला, मावशीला अशी अंगठी घालून सहा महिने वापरली असेल तर दर किती दिवसांनी चार्ज करावी लागते आणि कामात ती बोटात राहते का, एवढं मला सांगा. तोवर बुधवारी गेलो की मी तिचं मनगट धरून घड्याळावर एक मिनिट मोजतो. गेल्या बुधवारी ७२ होती.